वेष पालटलेलीं अक्षरें

संगणकावर एखादें जुनें मराठी पत्र उघडावें आणि पडद्यावर मराठीऐवजीं रोमन अक्षरांचा, कंसांचा व स्वल्पविरामांचा धुरळा उडालेला दिसावा, हा अनुभव आतां सुशिक्षित घरांस नवा राहिलेला नाहीं. वडिलांनीं पंचवीस वर्षांपूर्वीं टंकून ठेवलेलें आत्मवृत्त, सोसायटीच्या सभेचें इतिवृत्त, मुलीचा प्रबंध, मुंजीच्या वेळीं केलेली पाहुण्यांची यादी. फाईल जागच्या जागीं असते, तिचें नांव वाचतां येतें, तिचा आकारहि कमी झालेला नसतो. परंतु आंत कोणी तरी भलतीच भाषा बोलूं लागलेलें असतें. घरांतील तरुण मंडळी 'फाँट गेला' एवढें बोलून मोकळी होतात, आणि वडील मंडळी हीहि यंत्राची एक लहर समजून संगणक बंद करतात. या घोटाळ्याची योग्यता लहरीपेक्षां बरीच अधिक आहे. त्याला सुमारें साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि मराठींत एका पिढीनें जें लिहिलें त्यांतील किती भाग पुढच्या पिढीस वाचतां येईल, हा प्रश्न त्या इतिहासांत गुंतलेला आहे.

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की केली पाहिजे. कागदावर अक्षर असतें. संगणकाच्या पोटांत असतो तो केवळ आंकडा. कागदावरील 'क' ची शाई फिकी पडली, त्याचा अर्धा भाग कसरीनें खाल्ला, तरी उरलेला अर्धा 'क' चाच असतो. संगणकांत लिहिणाऱ्यानें एका कोष्टकांत पाहून अक्षराबद्दल आंकडा ठेवलेला असतो, व वाचणाऱ्यानें त्याच कोष्टकांत पाहून आंकड्याबद्दल अक्षर उभें करावयाचें असतें. दोघांचें कोष्टक एक असेल तोंपर्यंत ही देवघेव इतकी बिनबोभाट चालते कीं मध्यें आंकडा आहे याची शंकाहि येत नाहीं. कोष्टक बदललें कीं आंकडा अगदीं शाबूत राहून अक्षर मात्र नाहींसें होतें. ज्याला आपण बिघाड म्हणतों तो बहुधा बिघाड नसतोच. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामधील करार तुटलेला असतो.

हा करार पहिल्यानें झाला तो अमेरिकेंत. १९६३ सालीं 'अस्की' नांवाचें कोष्टक तेथें प्रमाण म्हणून मान्य झालें. त्यांत अवघ्या १२८ जागा होत्या, आणि त्यांतल्याहि कांहीं टेलिप्रिंटरला द्यावयाच्या हुकुमांसाठीं राखलेल्या. मोठा रोमन 'ए' ६५ व्या जागीं बसला. लहान रोमन अक्षरें पहिल्या आवृत्तींत नव्हतींच. तीं १९६७ च्या सुधारलेल्या आवृत्तींत आलीं. आय. बी. एम. या बलाढ्य कंपनीनें तर १९६४ सालीं आपल्या नव्या यंत्रांसाठीं स्वतःचें निराळेंच कोष्टक चालू केलें. तात्पर्य, एकट्या इंग्रजीसाठींसुद्धां अमेरिकेच्या पोटांतच दोन पंथ निर्माण झाले होते. अस्कीच्या कर्त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांच्यापुढें तारायंत्राचा व्यवहार होता. चाळीसगांवच्या वकिलाला आपली कैफियत पडद्यावर मराठींत पाहावयाची आहे हें त्यांच्या ध्यानांत येण्याचा संभव नव्हता.

संगणकाचा बाइट मात्र आठ घरांचा ठरला, म्हणजे त्यांत २५६ आंकडे मावूं लागले. खालच्या १२८ जागा अस्कीनें अडवल्या. वरच्या १२८ मोकळ्या पडल्या. मोकळी जमीन दिसली कीं काय होतें हें शेजारच्या बखळीवरून कोणासहि कळेल. फ्रेंचांनीं व जर्मनांनीं तेथें आपलीं स्वरचिन्हें वसवलीं, ग्रीकांनीं आपली लिपी, रशियनांनीं आपली. आणि प्रत्येकानें तेच आंकडे वापरले. मॉस्कोहून निघालेलें पत्र पॅरिसच्या यंत्रावर उघडलें तर रशियन अक्षरांच्या जागीं फ्रेंच स्वरांची माळ दिसे. रशियनांची एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी. १९७४ च्या त्यांच्या प्रमाण कोष्टकांत त्यांनीं आपलीं अक्षरें स्वतःच्या वर्णक्रमानें न लावतां अशा युक्तीनें लावलीं कीं वाटेंत एखाद्या जुन्या यंत्रानें आठवें घर कापून टाकलें, तरी बहुतेक रशियन अक्षरांच्या जागीं त्याच उच्चाराचें रोमन अक्षर उरावें. मजकूर विद्रूप होई, पण वाचतां येई. मोडल्यावर काय उरेल याचा विचार आधीं करणारे कारागीर थोडे.

जपान्यांची लिपी हजारों चिन्हांची. एका बाइटांत ती मावणें अशक्य म्हणून त्यांनीं दोन बाइटांचें कोष्टक केलें. परंतु तें साठवण्याच्या तीन-चार निरनिराळ्या रीती पडल्या, आणि एका रीतीनें लिहिलेलें दुसऱ्या रीतीनें वाचलें कीं पडदा निरर्थक चिन्हांनीं भरून जाई. या प्रकाराला त्यांनीं 'मोजिबाके' असें नांव दिलें. 'मोजि' म्हणजे अक्षर. आणि 'बाके' हें ज्या क्रियापदापासून आलें तें त्यांच्या लोककथांत कोल्हा माणसाचें रूप घेतो त्या प्रसंगीं वापरतात. आज जगभर हेंच नांव रूढ आहे, आणि तें मला फार समर्पक वाटतें. कोल्हा मेलेला नसतो. तो केवळ दुसऱ्या रूपांत आपल्यासमोर बसलेला असतो.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्याकडे कोणी या प्रश्नाचा विचारच केला नव्हता, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें १९८० नंतरच्या दशकांत भारतीय लिप्यांसाठीं जें काम झालें, तेंच पुढें १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेंत आलें. मोहन तांबे हे या कामांतील प्रमुख. या प्रयत्नांतून 'इस्की' नांवाचें भारतीय कोष्टक सिद्ध झालें, आणि १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली. त्याची रचना पाहिली म्हणजे करणाऱ्यांच्या बुद्धीचें कौतुक वाटतें. आपल्या साऱ्या लिप्या बाहेरून भिन्न दिसल्या तरी त्यांची वर्णमाला एक. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य हा क्रम देवनागरींत आहे तोच बंगालींत, गुजरातींत व तेलुगूंत. म्हणून इस्कीनें लिपीला आंकडा न देतां वर्णाला आंकडा दिला. 'क' चा आंकडा १७९. तो देवनागरींतला असो कीं तेलुगूंतला. नुसती एक खूण बदलली कीं मराठींत लिहिलेलें नांव तेलुगू अक्षरांत उभें राही. शिवाय आंकडे उच्चाराच्या क्रमानें ठेवावयाचे: 'कि' म्हणजे आधीं 'क', मग वेलांटी, ती वेलांटी 'क' च्या अलीकडे काढावयाची हें काम यंत्राचें. 'क्य' म्हणजे 'क', हलन्त, 'य'. त्याचें जोडाक्षर कसें दिसावें हाहि यंत्राचाच प्रश्न. लेखन आणि रेखन यांची ही फारकत हाच सगळ्या पुढील इतिहासाचा गाभा आहे.

एवढें उत्तम कोष्टक हाताशीं असतां मराठी लेखन त्यांत कां साठवलें गेलें नाहीं? कारण साधें आहे. इस्कीचें काम करण्यासाठीं आरंभीं संगणकांत एक वेगळें कार्ड बसवावें लागे. पुढें १९९२ च्या सुमारास 'विंडोज' घरोघर येऊं लागली, आणि तिच्याबरोबर पडद्यावर व कागदावर सारखेच दिसणारे सुबक फाँट आले. परदेशांतून आलेल्या 'वर्ड', 'पेजमेकर' इत्यादि आज्ञावल्यांस इस्कीचा गंध नव्हता. तेव्हां आपल्याकडील हुशार कारागिरांनीं एक सोपी वाट काढली. यंत्राला त्यांनीं हें रोमनच आहे असें भासवलें, आणि फाँटमध्यें रोमन अक्षराच्या चित्राऐवजीं देवनागरीचें चित्र बसवलें. यंत्र समजे कीं आपण 'डी' काढीत आहों. पडद्यावर उमटे 'क'. कोणतीहि परदेशी आज्ञावली न बदलतां मराठी छपाई सुरू झाली. पुण्याची 'श्रीलिपी', बंगळूरची 'आकृती', हिंदी प्रांतांत घरोघर गेलेला 'कृतिदेव' हे सारे याच युक्तीचे अवतार. सी-डॅकनेंहि विंडोजसाठीं अक्षरांच्या आकृत्यांना आंकडे देणारा एक वेगळा संकेत केला. म्हणजे ज्यांनीं वर्णाला आंकडा दिला त्यांनाच बाजारापुढें आकृतीला आंकडा द्यावा लागला.

'कृतिदेव' चें उदाहरण घेऊन हें स्पष्ट करतों. त्या फाँटमध्यें 'भारत' हा शब्द लिहिला तर संगणकाच्या पोटांत काय जातें? मोठा 'एच', लहान 'के', पुन्हां 'के', मग 'जे' व 'आर'. आंकड्यांत सांगावयाचें तर ७२, १०७, १०७, १०६, ११४. दोन 'के' कशासाठीं? पहिला 'एच' म्हणजे दंड नसलेला अर्धा 'भ'; पहिला 'के' त्याचा दंड; दुसरा 'के' म्हणजे काना! म्हणजे 'भ' हा वर्ण यंत्रांत कोठेंच नाहीं. आहे ती त्याची मोडतोड. 'हिन्दी' हा शब्द 'एफ' पासून सुरू होतो, कारण ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस आधीं दिसते. ही सारी टंकलेखनयंत्राची बुद्धि, आणि त्यामागें छापखान्यांतील खिळे जुळवणाऱ्याची. मुंबईच्या छापखान्यांत जी जुळणी चाले तींत अक्षराचें धड एका घरांतून, मात्रा दुसऱ्या घरांतून, रफार तिसऱ्यांतून असे उचलून ओळ बांधीत. निर्णयसागराच्या सुंदर टाइपानें छापलेलीं पुस्तकें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस या पद्धतीच्या सामर्थ्याविषयीं कांहीं सांगावयास नको. फाँट करणाऱ्यांनीं तीच टाइपाची केस संगणकांत मांडली. त्यांचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. त्यांच्या दृष्टीनें अंतिम फळ छापील कागद होता. फाईल म्हणजे नुसती जुळवून ठेवलेली चौकट, छापून झाल्यावर सोडून टाकावयाची. ती चौकट पंचवीस वर्षांनीं कोणी पुस्तक म्हणून वाचावयास बसेल ही कल्पना त्यांस नव्हती. म्हणूनच १९९५ सालीं छापलेला दिवाळी अंक आज कोणासहि वाचतां येतो, आणि त्याच अंकाची फाईल वाचतां येत नाहीं.

येथें एक जुनी गोष्ट आठवते. फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें तें रोमन लिपींत. देवनागरी टाइप हाताशीं नव्हते. मराठी भाषेनें रोमन वेष घेण्याची ही कांहीं पहिलीच वेळ नव्हे. पण दोहोंत अंतर केवढें! स्टीफन्सनें उच्चाराला धरून रोमन अक्षरें योजलीं. त्याचा ग्रंथ आज कोणी मोठ्यानें वाचला तर कानांवर मराठीच पडते. फाँटांच्या रोमनला उच्चाराशीं कांहीं देणेंघेणें नाहीं. 'एच-के-के-जे-आर' हें मोठ्यानें वाचून 'भारत' कधींहि ऐकूं येणार नाहीं. शिवाय प्रत्येक फाँटाची मांडणी निराळी. एकाच्या फाईलला दुसऱ्याचा फाँट लावला तर मराठी अक्षरें दिसतात खरीं, पण तीं मराठी शब्द बनवीत नाहींत. आणि हा घोटाळा रोमन धुरळ्याहूनहि अधिक संतापजनक, कारण ओळखीचे चेहरे जमून अनोळखी बडबड करीत असतात. ही भिन्नता सर्वस्वीं अजाणतां झाली असें मानावयास मी तयार नाहीं. एकदां एका कंपनीच्या फाँटांत दहा वर्षांचे कागद सांठले कीं गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊं शकत नाहीं, हें धंद्याचें गणित सर्वांस ठाऊक होतें.

या वेषांतराचे विनोदहि पुष्कळ झाले. वाक्याचें पहिलें अक्षर आपण होऊन मोठें करण्याची 'वर्ड' ला संवय आहे. इंग्रजींत ती उपकारक. पण कृतिदेवांत लिहिणाऱ्यानें वाक्य 'क' नें सुरू केलें, म्हणजे यंत्राच्या मतें लहान 'डी' नें, कीं यंत्र त्याचा मोठा 'डी' करी. आणि मोठा 'डी' म्हणजे त्या फाँटांत अर्धा 'क्'. लिहिणारा 'क' पुन्हां लिही, यंत्र पुन्हां त्याचा दंड काढून घेई. कचेऱ्यांतील कित्येक टंकलेखक हें यंत्राचें वैर म्हणून सोशीत राहिले.

याच सुमारास अमेरिकेंत दुसरी हालचाल चालली होती. जो बेकर, ली कॉलिन्स व मार्क डेव्हिस या तिघांनीं १९८७ पासून जगांतील सर्व लिप्यांसाठीं एकच कोष्टक करण्याचा विचार चालवला. १९८८ सालीं बेकरनें त्याची रूपरेषा लिहिली, आणि त्याला 'युनिकोड' हें नांव दिलें. १९९१ च्या जानेवारींत त्यासाठीं मंडळ स्थापन झालें व ऑक्टोबरांत पहिला खंड बाहेर पडला. देवनागरीची मांडणी त्यांनीं इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. कानपूर-पुण्याचें काम असें जागतिक कोष्टकांत जाऊन बसलें. लिपीला निराळा आंकडा देण्याची त्यांची पद्धत मात्र भारतीय कल्पनेहून भिन्न राहिली. तेथें देवनागरी 'क' चा आंकडा २३२५. म्हणजे एकच 'क' कृतिदेवांत १००, इस्कींत १७९ आणि युनिकोडांत २३२५. या तीन आंकड्यांत आपल्या पाऊण-अधिक घोटाळ्याचें मूळ आहे.

कोष्टक १९९१ सालीं झालें, पण सामान्य मनुष्याच्या टेबलावर मराठी युनिकोड आलें तें २००० सालच्या विंडोजबरोबर. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फाँट आपल्या र. कृ. जोशी यांच्या हातचा. कवि, सुलेखनकार आणि पवईच्या आय. आय. टी. मधील अध्यापक म्हणून त्यांचें नांव महाराष्ट्रास परिचित आहे. तथापि मधल्या नऊ-दहा वर्षांत जें लिहिलें गेलें तें सगळें वेषांतरांत. आणि २००० नंतरहि वाट सरळ झाली नाहीं. पुढील विंडोजमध्यें भारतीय लिप्यांची जोडणी मुद्दाम चालू करावी लागे. ती केली नाहीं तर अक्षरें दिसत पण जोडाक्षरें फुटत, वेलांटी अक्षराच्या पुढें जाऊन बसे आणि पाय मोडलेलीं अक्षरें ओळीभर लंगडत. छापखान्यांतील आज्ञावल्यांना तर ही जोडणी फारच उशिरां समजली, म्हणून छपाईच्या धंद्यानें जुने फाँट सोडले नाहींत.

युनिकोड आल्यावर घोटाळा संपावयास हवा होता. त्यानें फक्त रूप पालटलें. २३२५ हा आंकडा एका बाइटांत मावत नाहीं. तो कसा साठवावा यासाठीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ च्या सप्टेंबरांत न्यू जर्सींतील एका खाणावळींत, ताटाखालच्या कागदावर, एक रीत आंखली. तीच आज सर्वत्र चालते व तिला 'यूटीएफ-८' म्हणतात. तीप्रमाणें देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसतें. आतां एखाद्या आज्ञावलीनें हे तीन बाइट जुन्या पश्चिम युरोपीय कोष्टकानें वाचले तर? 'क' च्या जागीं प्रथम डोक्यावर तिरका फराटा असलेला 'ए', मग चलनाचें एक चक्राकार चिन्ह, मग एक काळा ठिपका. दीर्घ वेलांटीचें त्याहून गमतीचें: तोच फराट्याचा 'ए', त्यापुढें जपानचा येन, त्यापुढें युरोपचा यूरो. ज्यानें ज्यानें बँकेचें किंवा शाळेचें मराठी नांवांचें पत्रक 'एक्सेल' मध्यें उघडलें आहे त्यानें हा सराफ-बाजार पाहिला असेल. कारण असें कीं स्वल्पविरामांनीं तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाईलींत ती कोणत्या कोष्टकानें लिहिली हें कोठेंच नमूद नसतें. एक्सेल आपल्या जुन्या संवयीप्रमाणें पश्चिमेचें कोष्टक धरून बसतें. ती फाईल नुसती टिचकी मारून न उघडतां आंत आयात केली व कोष्टक यूटीएफ-८ आहे असें सांगितलें, तर नांवें जशींच्या तशीं उभीं राहतात.

यंत्राला अंदाज करावयास लावलें तर काय होतें याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. विंडोजच्या 'नोटपॅड' मध्यें 'बुश हिड द फॅक्ट्स' हें १८ चिन्हांचें इंग्रजी वाक्य लिहून साठवावें व पुन्हां उघडावें, कीं त्या जागीं नऊ चिनी अक्षरें दिसत. अध्यक्ष बुशविरुद्ध कांहीं कारस्थान आहे अशी आवई उठली. प्रत्यक्षांत नोटपॅड मजकुराकडे पाहून कोष्टकाचा तर्क करी, आणि त्या बाइटांच्या जोड्या पाहून त्याचा तर्क चिनीकडे झुके. तशाच बांध्याच्या दुसऱ्या निरुपद्रवी वाक्यांचेंहि तेंच होई. 'व्हिस्टा' ही आवृत्ति येईपर्यंत हा चमत्कार चालू राहिला.

आतां गृहस्थाश्रमी वाचकास उपयोगी अशी गोष्ट सांगतों. पडद्यावरील सर्व घोटाळे सारखे भयंकर नसतात. अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसल्या तर घाबरूं नये. आंकडा शाबूत आहे, फक्त तें चित्र त्या यंत्रापाशीं नाहीं. इंग्रज मंडळी या चौकटींना 'टोफू' म्हणतात, सोयाबिनच्या त्या पांढऱ्या वड्यांवरून. आणि गूगलच्या 'नोटो' फाँटाचें नांव 'यापुढें टोफू नको' या अर्थाचें आहे. येन-यूरोचा बाजार दिसला तरी बहुधा सारें परत मिळतें, मात्र तसाच विद्रूप मजकूर दुरुस्त करून पुन्हां साठवूं नये. साठवला कीं वेषावर वेष चढतो. खरी भीति एकाच चिन्हाची: प्रश्नचिन्ह. देवनागरीला जागाच नसलेल्या कोष्टकांत फाईल साठवली, आणि यंत्रानें दिलेली सूचना न वाचतां 'ठीक' वर टिचकी मारली, कीं प्रत्येक अक्षराच्या जागीं ६३ हा आंकडा बसतो. क, ज्ञ, वेलांटी, अनुस्वार, सर्व ६३. त्या रांगेंतून मूळ शब्द काढणें कोणाहि पंडितास शक्य नाहीं.

जुन्या फाँटांतील कागदांचा धोका याहून निराळा, व अधिक शांतपणें येणारा आहे. 'वर्ड' च्या फाईलींत मजकुराबरोबर फाँटाचें नांवहि नोंदलेलें असतें. तो फाँट त्या संगणकावर नसला तरी नांव राहतें, आणि नांव म्हणजेच किल्ली. त्या नांवावरून कोणतें कोष्टक लावावें हें कळतें, आणि रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या आज मिळतात. पण घरचा एखादा उत्साही मनुष्य रोमन धुरळा पाहून सबंध मजकूर निवडतो, त्याला 'मंगल' फाँट लावतो, कांहीं फरक पडत नाहीं म्हणून वैतागतो आणि साठवून बाहेर पडतो. त्या क्षणीं जुन्या फाँटाचें नांव पुसलें जातें. मजकूर आहे तेवढाच आहे. किल्ली विहिरींत पडली. माझ्या पाहण्यांत आलेला एक प्रबंध तर तीन निरनिराळ्या टंकलेखकांनीं तीन फाँटांत लिहिला होता, आणि पुढें कोणी तरी त्याला एकरूपता आणण्याच्या सद्‌बुद्धीनें हाच प्रयोग केला. तो आज कोणाचा भाग कोणत्या कोष्टकानें लावावा हें शब्दशब्दाला चांचपून ठरवावें लागतें.

मराठी माणसाला हें दुःख नवें नाहीं. आमच्या पूर्वजांचा सारा कारभार मोडींत चाले. विल्यम केरीनें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें तें देवनागरींत. पण १८१० चा त्याचा कोश मोडी टाइपांत आहे, इतकी मोडी त्या काळीं नित्याची होती. पुढें छपाई बाळबोधींत स्थिरावली, विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरांतील अफाट कागदांपुढें मराठी बोलणारा मनुष्य परक्यासारखा उभा राहूं लागला. १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांनीं त्या दप्तरांतून ४५ खंड काढले. तेव्हां मोडी वाचणारे हात अजून पुष्कळ होते. आज आजोबांच्या पेटींतील खरेदीखत वाचण्यासाठीं मोडीचा जाणकार शोधावा लागतो. तरी मोडीचा ऱ्हास होण्यास दोन-तीन पिढ्या लागल्या, आणि कागद तग धरून राहिला. फाँटांतील मराठीची किल्ली दहा-पंधरा वर्षांत हरवते: कंपनी धंदा बंद करते, तिचें कुलूप असलेला डोंगल नव्या संगणकांत बसत नाहीं, जुन्या चकत्या वाचणारें यंत्र भंगारांत जातें. १९९० ते २०१० या वीस वर्षांतील ग्रामपंचायतींचे ठराव, संस्थांचे अहवाल, विद्यापीठांतील प्रबंध, दिवंगत लेखकांचीं हस्तलिखितें (हस्तलिखित हा शब्द येथें उपचारानेंच वापरावयाचा) यांतील पुष्कळ भाग अजून या वेषांत आहे. आपण त्यांस 'साठवलेले' म्हणतों. मोडीला २०१४ सालीं युनिकोडांत स्वतःच्या जागा मिळाल्या. ज्या लिपीस शाळेनें सोडलें तिला कोष्टकानें घर दिलें, आणि ज्या लिपींत आपण रोज लिहितों तिचे वीस वर्षांचे कागद मात्र घराबाहेर राहिले.

हें काम होण्याजोगें आहे, पण तें यंत्रावर सोंपवून निजतां येणार नाहीं. रूपांतराच्या आज्ञावल्या शेंकडा बहुतेक अक्षरें बरोबर आणतात, आणि अडखळतात त्या नेमक्या मराठीच्या खास ठिकाणीं. 'ॲ' हेंच पाहा. इंग्रजी शब्द लिहितांना मराठीला त्याची रोज गरज. पण युनिकोडांत त्याला स्वतंत्र जागा २००८ सालीं मिळाली. तोंपर्यंत 'अ' वर चंद्र निराळा ठेवीत, आणि पुष्कळ यंत्रें त्या चंद्राला आधार सांपडत नाहीं म्हणून मध्यें ठिपक्यांचें एक वर्तुळ काढीत. त्या काळचीं 'अ‍ॅडव्होकेट' मंडळींचीं नांवें अजून कित्येक याद्यांत तें वर्तुळ घेऊन हिंडत आहेत.

त्याहून बारीक प्रकार आपल्या अर्ध्या 'र' चा, जो हिंदीला लागत नाहीं. 'दुसऱ्या' या शब्दांतील तो र युनिकोडांत दोन रीतींनीं लिहितां येतो: एक, २३५३ व त्यापुढें हलन्ताचा २३८१, दुसरी, साधा र म्हणजे २३५२, मग २३८१, मग ८२०५ हें पडद्यावर न दिसणारें सांधणीचें चिन्ह. डोळ्यांस दोन्ही सारखेच. कांहीं रूपांतरकार पहिली रीत घेतात, कांहीं दुसरी. हातानें लिहिणारेहि आपापल्या कळफलकाप्रमाणें यांतली एक घेतात. मग एखाद्या संस्थेचा पन्नास वर्षांचा संग्रह मोठ्या कष्टानें युनिकोडांत आणावा, त्यांत 'दुसऱ्या महायुद्धाच्या' असा शोध घालावा, आणि निम्मीं पानें समोर येऊन निम्मीं गप्प बसावींत, असें आज घडतें. आणि शोधणाऱ्यास तीं पानें तेथें आहेत याचा पत्ताहि लागत नाहीं.